वानरांची साक्ष

तुरीच्या शेंगा भरू लागल्या की महागावच्या शिवारात वानरांच्या टोळ्या उतरतात. शेतकरी गोफण घेऊन बांधावर बसतो, रिकामे डबे बडवतो, फटाके उडवतो. टोळी चार ताटांच्या अंतरावर सरकते आणि तो घरी वळताच परत येते. आमच्या निवासी शाळेच्या कुंपणालगतच्या लिंबावर दुपारी त्यांचा मुक्काम असतो. मधल्या सुट्टीत मुले खाली जेवतात, वर ती काळ्या तोंडाची मंडळी एकमेकांच्या केसांत बोटे घालून बसलेली असतात. दोन्ही पंगतींकडे एकाच वेळी पाहण्याची सवय मला गेल्या काही वर्षांत जडली. तिला कारण घडले ते इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याचा निबंध.

‘समता : आदर्श की वास्तव’ हा विषय आम्ही १४ एप्रिलच्या निबंधस्पर्धेसाठी दिला होता. बहुतेक मुलांनी अपेक्षित ते लिहिले. या एकाने मात्र लिहिले, की समता निसर्गविरुद्ध आहे. वानरांच्या टोळीतसुद्धा एक नायक असतो, बाकीचे त्याला भिऊन असतात, जो तो आपल्या टोळीत राहतो आणि परक्याला जवळ येऊ देत नाही. तेव्हा उच्चनीचता ही माणसाने निर्माण केलेली नसून ती त्याला पूर्वजांकडून मिळाली आहे. मुलगा आपल्याच वस्तीतला. हे विचार त्याने मोबाइलवर ऐकले होते, हे उघड होते. पण मांडणी त्याची स्वतःची होती आणि ती नेटकी होती. परीक्षक म्हणून मी त्याला दुसरा क्रमांक दिला. शिक्षक म्हणून त्याला काय उत्तर द्यावे, हे मात्र मला त्या दिवशी सुचले नाही. ‘असे लिहू नये’ एवढेच म्हणणे म्हणजे धर्मग्रंथाला प्रश्न विचारू नये असे सांगणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसणे होय. मी इतिहासाचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही मुलाने साक्षीदार उभा केला आहे, तेव्हा त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे, असे मनाशी ठरवून वाचू लागलो.

आरंभीच एक गैरसमज दूर करावा. लिंबावर बसलेले वानर हे आपले पूर्वज नव्हेत. ते आपले फार दूरचे भाऊबंद होत. त्यांची आणि आपली शाखा अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. चिंपांझीची आणि आपली शाखा वेगळी होऊन साठ-सत्तर लाख वर्षे झाली असावीत. कोणत्याही वानराचा माणूस होताना कोणी पाहिला नाही म्हणून डार्विन चुकीचा, असे जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले, तेव्हा देशातील वैज्ञानिकांनी त्याचा निषेध केला. आमच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलेच प्रकरण आनुवंशिकता व उत्क्रांती यांवर आहे, ही समाधानाची गोष्ट. डार्विनचा मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८७१चा आणि महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ची. मुखातून, बाहूंतून, पायांतून माणसे जन्मल्याच्या कथेची जोतीरावांनी जी झाडाझडती घेतली, ती दोनच वर्षांच्या अंतराने घेतली, हा योगायोग मी वर्गात दरवर्षी सांगतो.

आता साक्षीदाराकडे वळू. जे खरे आहे ते प्रथम मान्य केले पाहिजे आणि खरे पुष्कळ आहे. वानरांच्या समाजात पदे असतात, युत्या होतात, फितुरी होते. फ्रान्स द वाल या डच अभ्यासकाने आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयातील चिंपांझींवर १९८२मध्ये जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच ‘राजकारण’ हा शब्द आहे. त्यात एक नायक पडतो, दोन जण मिळून तिसऱ्याला खाली खेचतात, आणि पदच्युत झालेला म्हातारा पुढच्या सत्ताधीशाच्या मागे उभा राहून आपले महत्त्व टिकवतो. आपल्या तालुक्यातील पंचायत समितीची निवडणूक ज्याने पाहिली आहे त्याला हे पुस्तक समजावून सांगावे लागणार नाही. भांडण झाल्यावर तेच चिंपांझी एकमेकांना मिठी मारतात, हात पुढे करतात, हेही त्याच अभ्यासकाने प्रथम नीट टिपून ठेवले. ते मात्र निवडणुकीनंतर आपल्याकडे क्वचित दिसते. असो.

मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच माहितीने. जपानी संशोधकांनी १९५८च्या सुमारास तेथील माकडांच्या टोळ्यांत एक नियम शोधला : मादीचे टोळीतील स्थान तिच्या आईच्या स्थानावरून ठरते. वरच्या आईची मुलगी जन्मतःच वरची. ती अजून धड चालू शकत नाही, तोवर खालच्या घराण्यातील प्रौढ माद्या तिला वाट करून देतात. पुढे हाच नियम आपल्याकडील लाल तोंडाच्या माकडांतही आढळला. म्हणजे जन्माने मिळणारे पद हे केवळ मनूच्या डोक्यातून निघालेले नाही! त्या रात्री मला खरोखर झोप लागली नाही. ज्या गोष्टीला आपण आयुष्यभर मानवनिर्मित म्हणत आलो, तिची एक फांदी रानात सापडली होती.

पण एका साक्षीदाराचे एकच वाक्य उचलून निकाल देता येत नाही. त्याचे उरलेले म्हणणेही ऐकावे लागते, आणि वानरांचे उरलेले म्हणणे ऐकायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. बेळगावच्या पलीकडे धारवाड आहे. तेथील जंगलात १९६०च्या दशकाच्या आरंभी युकिमारू सुगियामा नावाच्या जपानी संशोधकाने आपल्या लिंबावरच्याच जातीच्या, काळ्या तोंडाच्या वानरांचे निरीक्षण केले. बाहेरचे नर टोळीवर चालून येतात, जुन्या नायकाला हुसकून लावतात, त्यांच्यातला एक हुप्या टोळी ताब्यात घेतो आणि मग आयांच्या अंगावरची पिले मारून टाकतो. पिलू गेले की आई पुन्हा लवकर माजावर येते आणि नव्या हुप्याची संतती वाढते. पुढे अबूच्या पहाडावर सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने हेच पाहून १९७७मध्ये ग्रंथ लिहिला. त्यापूर्वी मध्य भारतात याच वानरांचा अभ्यास करणाऱ्या फिलिस जे यांना ती कमालीची शांत वाटली होती. आणखी एक गोष्ट हर्डीने नोंदवली, जी पुरुष अभ्यासकांच्या नजरेत सहसा भरत नव्हती : पिलावर हल्ला झाला की टोळीतील माद्या, विशेषतः म्हाताऱ्या माद्या, एकजुटीने त्या नराच्या अंगावर धावून जातात.

म्हणून मी त्या मुलाला वर्षभराने, तो दहावीत गेल्यावर, विचारले : वानरात नायक असतो म्हणून माणसात वर्ण असावा, असे म्हणायचे तर वानरात बालहत्या असते म्हणून माणसात काय असावे? तो गप्प राहिला. निसर्गात एखादी गोष्ट आढळणे ही तिची माहिती झाली, तिची मान्यता नव्हे. देवीचा रोगही निसर्गच होता.

शिवाय आपण वानरात जे पाहतो ते पुष्कळदा आपणच तेथे नेऊन ठेवलेले असते. डिसेंबर २०२१मध्ये बीड जिल्ह्यातील लवूळ या गावी वानरे कुत्र्यांची पिले पळवून उंचावर नेत असल्याचे प्रकरण गाजले. शेकडो पिलांचे आकडे छापून आले, ‘सूड’ आणि ‘टोळीयुद्ध’ हे शब्द देशभर, परदेशातही पोहोचले. शेवटी नागपूरच्या पथकाने दोन वानर पकडले आणि विषय संपला. कुत्र्याने वानराचे पिलू मारले, म्हणून वानरांनी वंशाचा सूड घेतला, ही कथा लोकांना इतकी पटली, कारण ती आपल्या ओळखीची होती. पिढीजात वैर कोणाला ठाऊक आहे? वानराला की भावकीच्या बांधावर डोकी फोडणाऱ्या आपल्याला? याच्या उलट टोक म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील उपळा गाव. तेथे ३२ एकर जमीन महसुली कागदोपत्री वानरांच्या नावे असल्याची बातमी २०२२मध्ये आली होती. गावकऱ्यांनी पूर्वापार वानरांचा मान राखला, लग्नकार्यात त्यांना आधी वाढले, याचे कौतुकही झाले. भूतदया चांगलीच. परंतु मला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवला. १९५९मध्ये आणि पुन्हा १९६४ साली हजारो माणसे आपल्या नावावर एक तुकडा पडीक जमीन व्हावी म्हणून तुरुंगात गेली होती.

येथवर साक्षीदाराने मुलाच्या बाजूने थोडे आणि विरुद्ध बरेच सांगितले, असे फार तर म्हणता येईल. पण जातिव्यवस्थेचे जे दोन खांब आहेत, त्यांबद्दल त्याची साक्ष निःसंदिग्ध आहे.

पहिला खांब जातीतच विवाह. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी दाखवले, की गटाबाहेर विवाह करणे हीच या देशातील आदिम समाजाची मूळ रीत होती आणि तिच्यावर गटातच विवाह करण्याचे बंधन लादले गेले, तेव्हा जात जन्माला आली. बाबासाहेबांनी हे मानवी समाजाच्या अभ्यासातून काढले. वानरांचा रानातील पद्धतशीर अभ्यास तेव्हा सुरूही झाला नव्हता. आज तो झाला आहे आणि काय दिसते? आपल्या लिंबावरच्या टोळीतील नर वयात आला की जन्माची टोळी सोडतो. लाल तोंडाच्या माकडांतही नरच बाहेर पडतो. चिंपांझींत मादी दुसऱ्या टोळीत जाते. जवळपास सर्व जातींत एका लिंगाने घर सोडायचे, हा नियम दिसतो. टोळ्या सीमेवर एकमेकींवर दात विचकतात, हे खरे. पण प्रत्येक पिढीतील तरुण ती सीमा ओलांडतातच. जन्मटोळीच्या बाहेर जोडीदार शोधला म्हणून आपल्याच लेकराला ठार मारणारी टोळी मला कोणत्याही पुस्तकात आढळली नाही. वर्तमानपत्रात मात्र आढळते.

दुसरा खांब अस्पृश्यता. येथे मला थोडे थांबून बोलले पाहिजे.

या साऱ्या प्राण्यांचा समाज स्पर्शावर उभा आहे. एकमेकांच्या अंगावरील केस उकलणे, कोंडा, उवा, गोचिड्या वेचणे, यात काही जाती जागेपणाच्या वेळेचा पाचवा हिस्सा घालवतात. त्यामागे केवळ स्वच्छता नसते. मैत्री जुळते, भांडण मिटते, आधार मिळतो. रॉबिन डनबार या इंग्रज संशोधकाने तर १९९६च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की टोळ्या मोठ्या होत गेल्या, प्रत्येकाच्या अंगावरून हात फिरवणे अशक्य झाले, म्हणून माणसाने त्या स्पर्शाची जागा बोलण्याला दिली. दारात बसून एकमेकींच्या डोक्यातील उवा काढत गावभरच्या गोष्टी करणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. डनबारसाहेबांना ग्रंथ लिहिण्याऐवजी आमच्या वस्तीत चार दिवस राहता आले असते.

टोळीतही ही सेवा बहुधा खालून वर वाहते. खालची मादी वरचीचे केस जास्त विंचरते. म्हणजे उच्चनीचता येथेही आहे. परंतु बारकाईने पाहावे : सर्वांत वरची मादी सर्वांत खालचीचा स्पर्श हौसेने घेते. तिच्यासमोर पाठ करून डोळे मिटून बसते. स्पर्शाने विटाळ होतो, ही कल्पना माणसाखेरीज कोणालाही सुचलेली नाही.

माझी आजी सुईण होती. गावातील वरच्या आळीत एखादी बाई अडली की रात्री-बेरात्री तिला बोलावणे येई. त्या घरांतील दोन पिढ्यांना जगातला पहिला स्पर्श झाला तो तिच्या हातांचा. नाळ कापून, बाळाला पुसून तिने आईच्या कुशीत दिले, की तिचे काम संपे; मग तिने मागच्या दाराने निघायचे, आणि ती गेल्यावर गोमूत्र शिंपडून घर शुद्ध व्हायचे. ते बाळ मोठे होऊन आजीला ‘लांब हो’ म्हणायचे. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नसे; पाऊस पडतो तसे सांगत असे. वानरांच्या टोळीत नवे पिलू जन्मले की त्याचा रंग काळपट असतो, आणि पहिल्या दिवसापासून ते टोळीतल्या साऱ्या माद्यांच्या हातांतून फिरते. एक घेते, हुंगते, दुसरी ओढून घेते. आई निवांत पाला खाते. लिंबावर हे दृश्य दिसले की मला आजीचे हात आठवतात.

लेकराला स्पर्श नाकारला तर काय होते, याचा एक निर्दय प्रयोग विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी केला आणि १९५८मध्ये तो प्रसिद्ध केला. आईपासून तोडलेल्या माकडाच्या पिलांपुढे दोन पुतळे ठेवले : एक तारेचा, दूध देणारा, दुसरा मऊ कापडाचा, दूध न देणारा. पिले दुधापुरती तारेकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाला बिलगून राहत. पूर्ण एकांतात वाढवलेली पिले तर कायमची बिघडली. माणसांच्या कोट्यवधी लेकरांवर हा प्रयोग आपल्या देशात हजारो वर्षे चालला. दूध देणारे हात घेतले आणि बिलगणे नाकारले. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, पाखरांना नव्हता. मज्जाव होता तो माणसांना. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले ते या एका विसंगतीपुढे.

मग ही विसंगती माणसाने टिकवली कशी? याचेही उत्तर १९१६च्या त्या निबंधात आहे. वरच्या गटाने स्वतःला कोंडून घेतले आणि बाकीच्यांनी त्याचे अनुकरण केले. कोणी दार लावून घेतले, तर कोणाला दार लावलेले आढळले. अनुकरण म्हटले की आपण ‘माकडचेष्टा’ म्हणतो. प्रत्यक्षात २००५मध्ये प्रसिद्ध झालेला व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांचा प्रयोग वाचून मला आश्चर्याचा धक्का बसला. एका पेटीतून खाऊ काढायचा. दाखवणारा आधी वरच्या भोकात काठीने काही निरर्थक खटपटी करतो, मग खालचे दार उघडून खाऊ काढतो. पेटी काळी असताना युगांडातील चिंपांझींनी सर्व कृती जशाच्या तशा केल्या. मग पारदर्शक पेटी दिली. वरच्या खटपटीचा खाऊशी संबंध नाही, हे दिसत होते. चिंपांझींनी ती गाळली आणि थेट दार उघडले. तीन-चार वर्षांच्या मानवी मुलांनी पारदर्शक पेटीतही सगळी निरर्थक खटपट इमानेइतबारे केली. संशोधक म्हणतात, यातच माणसाची संस्कृती टिकवण्याची शक्ती आहे. मोठ्यांवर विश्वास ठेवून शिकतो म्हणून आपण एवढे शिकलो. ते खरेच आहे. पण आमच्या घरी वास्तुशांतीला, लग्नाला, अगदी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही, काय-काय अजून चालते ते पाहिले, की ती पारदर्शक पेटी माझ्या डोळ्यांसमोर येते. आत काही नाही, हे दिसत असते. काठी फिरवणे सुरूच असते.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त या संदर्भात नव्याने वाचण्यासारखे आहे. जन्माने श्रेष्ठ की कर्माने, असा वाद घालत वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण तथागतांकडे येतात. तथागत त्यांना उपदेशाने नव्हे, निरीक्षणाने उत्तर देतात. गवत, झाडे, किडे, मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जन्मजात खुणा वेगवेगळ्या आहेत, म्हणून त्यांच्या जाती वेगवेगळ्या. माणसामाणसांत केस, कान, डोळे, हात, रक्तमांस कशातच तशी खूण नाही. माणसांतील भेद नावापुरते, व्यवहारातले. शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी. प्राणिसृष्टीला साक्षीला बोलावण्याची पद्धत आमच्या निबंधलेखकाने शोधलेली नव्हती. तिला अडीच हजार वर्षे झाली आहेत, आणि पहिल्या खेपेला निकाल जातीविरुद्ध लागला होता. १९३६मध्ये लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनीही हाच धागा धरला : पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चर्मकार यांचा वंश एकच.

अन्यायाची जाणीवही आपल्यापुरती नाही. सारा ब्रॉस्नन आणि द वाल यांचा २००३चा प्रयोग पुष्कळांनी ऐकला असेल. कॅपुचिन माकडांना एकाच कामासाठी काकडी मिळत होती, तोवर ती खुशीत होती. शेजारणीला त्याच कामासाठी द्राक्ष मिळू लागताच काकडीवालीने काकडी नाकारली, काहींनी ती बाहेर फेकली. वेठबिगारीच्या वतनावर थुंकणारी माणसे मला यात दिसतात. पण त्याहून विचार करायला लावणारे पुढचे आहे. २०१०च्या प्रयोगात काही चिंपांझींनी सोबत्याला हलका खाऊ मिळतो, हे पाहून स्वतःला मिळालेले द्राक्षच नाकारले. सर्वांनी नाही, काहींनी. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर निळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. त्यांच्या वाट्याला द्राक्षच आलेले होते.

आता त्या फांदीकडे परत येतो, जिने माझी झोप उडवली होती. आईच्या पदावरून लेकीचे पद. या नियमाचा प्रसिद्ध अभ्यास कॅरिबियन समुद्रातील कायो सांतियागो या बेटावर झाला. तेथील माकडे मूळची आपल्याच देशातली. क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी १९३८मध्ये सुमारे चारशे माकडे भारतातून जहाजाने नेऊन तेथे सोडली. सप्टेंबर २०१७मध्ये मारिया नावाचे चक्रीवादळ त्या बेटावरून गेले. बहुतेक झाडोरा नष्ट झाला, सावली दुर्मीळ झाली. संशोधकांना वाटले, आता सावलीसाठी कापाकापी होईल. झाले उलटेच. माकडे पूर्वीपेक्षा सहनशील झाली, ज्यांना पूर्वी जवळ येऊ दिले नसते त्यांच्याशेजारी बसू लागली. आणि जी अशी शेजारी बसली ती अधिक जगली. २०२४मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मपदाचा नियम रानातला होता. तो वाकलाही रानातच.

केनियातील बबूनांची हकिकत तर मी आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांना तीनदा सांगितली आहे. रॉबर्ट सापोल्स्की ज्या टोळीचा अभ्यास करीत होते, तिच्यातील दांडगे नर एका पर्यटक-निवासाच्या उकिरड्यावर जाऊन तेथल्या टोळीशी मारामारी करून खात. १९८०च्या दशकात त्या उकिरड्यावरच्या मांसातून क्षयरोग पसरला आणि ते सर्व दांडगे नर मेले. मागे उरले माद्या आणि स्वभावाने सौम्य नर. टोळीतील मारहाण घटली, एकमेकांचे केस विंचरणे वाढले. यात नवल नाही. नवल पुढे आहे : दहा वर्षांत ते सौम्य नरही गेले, सगळे नर बाहेरून आलेले होते, इतर दांडग्या टोळ्यांत वाढलेले, तरीही टोळीची रीत सौम्यच राहिली. २००४च्या निबंधात याचे संभाव्य कारण दिले आहे. या टोळीतील माद्या नवागताला इतर टोळ्यांपेक्षा फार लवकर जवळ करीत, त्याचे केस विंचरू लागत. तो दांडगाई शिकून आला होता; येथे तिची गरज उरली नाही.

हे वाचताना मला माझे स्वतःचे वसतिगृह आठवले. कोठले ते सांगत नाही. सहावीत मी तेथे गेलो, त्या रात्री मोठ्या मुलांनी आम्हा नव्यांची पेटी उघडून आईने दिलेले तिळाचे लाडू खाल्ले आणि आम्हांला त्यांच्या पितळ्या घासायला बसवले. जेवणाच्या रांगेत आधी दहावी, शेवटी पाचवी-सहावी. भाजीतले बटाटे वर संपत, खाली रस्सा येई. भिंतीवर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र होते. मी दहावीत गेलो तेव्हा मीही एका नव्या मुलाकडून पितळी घासून घेतली. त्याचे नाव मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचीच लाज वाटते. जो निबंध मी दुसऱ्या क्रमांकाचा ठरवला, त्यातील मुलगाही वसतिगृहातच राहत होता. उच्चनीचता त्याने मोबाइलवर ऐकली असेल. पण तिची खात्री त्याला रोज संध्याकाळी सात वाजता, ताट हातात घेऊन उभे असताना पटत होती काय, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारायला हवा होता.

समतेचे पाठ आम्ही सकाळच्या वंदनेनंतर देतो, आणि विषमतेचे पाठ रांग देते. नवा मुलगा पहिल्या पंधरा दिवसांत जे अंगावर घेतो, त्यापुढे आमची वर्षभराची भाषणे फिकी पडतात, असे आता माझे स्पष्ट मत झाले आहे. म्हणून येत्या सत्रारंभी पहिला महिनाभर नव्या मुलांची पंगत आधी बसावी, दहावीच्या मुलांनी वाढावे आणि शिक्षकांनी सर्वांत शेवटी जेवावे, असा प्रस्ताव मी कर्मचारी सभेत ठेवला. दोन सहकाऱ्यांनी शिस्तीचा मुद्दा काढला, तो अगदीच चुकीचा नाही. एकाने विचारले, भाजी संपली तर? मी म्हटले, संपली तर आपण रस्सा खाऊ. सभा त्यावर हसली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. बाहेर लिंबावर टोळी आली होती. एक म्हातारी मादी फांदीवर पाठ करून बसली होती आणि तिच्या मागे एक लहानगे, बहुधा तिचे नसावे, तिच्या पाठीतले काहीतरी मोठ्या एकाग्रतेने वेचीत होते.